साळवेची लाल दोरी

मधुकर साळवे गेल्याची बातमी आमच्या निवृत्त कामगारांच्या ग्रुपवर आली, तेव्हा मी ती खरी धरली नाही. याच ग्रुपने दोन वर्षांपूर्वी पॉलिशिंग खात्यातल्या शिंदेला जिवंतपणी श्रद्धांजली वाहिली होती, आणि शिंदेने स्वतःच खाली 'अजून चहा पितोय' असं लिहिलं होतं. म्हणून मी सरळ साळवेच्या घरी फोन लावला. वहिनींनी उचलला. "साळवे आहेत का?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "पहाटे गेले, भाऊ. झोपेतच." एवढं ऐकूनही माझ्या मनात आलं, कशावरून? संशय हा माझा जुना आजार आहे. त्या आजाराचा सगळ्यात जास्त त्रास ज्याला झाला, त्या माणसाविषयी आज महिन्याभराने लिहायला बसलो आहे. साळवे सगळ्यांना अहो-जाहो करायचा, अगदी झाडूवाल्यालाही. मी मात्र त्याला पहिल्या दिवसापासून अरे-तुरे केलं. आता तो गेल्यावर 'ते' आणि 'त्यांनी' लिहिणं मला ढोंग वाटतं, म्हणून तो माझ्यासाठी 'तो'च राहील.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. नगरच्या एमआयडीसीत आमचा कारखाना होता. मोटारसायकलींचे आणि स्कूटरचे सुटे भाग तिथे यायचे, आम्ही त्यांच्यावर क्रोमचा चकचकीत मुलामा चढवायचो. त्या खात्याला आम्ही प्लेटिंग म्हणायचो. मी त्या खात्यात होतो आणि युनियनचा सेक्रेटरीही होतो, म्हणजे माझ्या मते निम्मा मालकच. साळवे मेंटेनन्सला होता. पाणी, वाफ, हवा असलं सगळं त्याच्याकडे. मुलामा चढवलेला प्रत्येक भाग वाहत्या पाण्यात धुवावा लागतो, त्यामुळे आमच्याकडे सकाळपासून नळ्या सोडलेल्याच असत. कुणी चहाला गेलं तरी नळी वाहतेय, जेवायला गेलं तरी वाहतेय. मी पारनेर तालुक्यातला. आमच्या गावात बायका टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लावायच्या, आणि गावातून आलेला मी कारखान्यात दिवसभर पाणी गटारात सोडायचो. यात काही विसंगत आहे हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. ते साळवेच्या डोक्यात आलं. एका रविवारी तो एसटीने राळेगणसिद्धीला जाऊन आला आणि सोमवारी मला म्हणाला, "औटी, तुमच्या तालुक्यात लोक पाणी अडवायला लागलेत. आपण अजून सोडतोच आहोत." मला ते टोचलं. बाहेरच्याने आपल्या घरातली जळमटं दाखवावीत तसं.

मग साहेबांच्या मागे लागून त्याने सुधारणा सुरू केल्या. नळ्यांना पायाने दाबायचे व्हॉल्व्ह बसवले, पाय ठेवला तर पाणी, काढला तर बंद. शेवटच्या टाकीतलं बऱ्यापैकी स्वच्छ पाणी तो आधीच्या टाकीत घ्यायचा, तिथलं त्याच्या आधीच्या. असं एकच पाणी तीनदा वापरायचं. खात्यातली माणसं पाय दुखतात म्हणून कुरकुरायला लागली, आणि मी त्या कुरकुरीला हवा देत बसलो. माझा हिशेब सोपा होता. आज पाणी वाचवतोय, उद्या माणसं वाचवेल. मालकाला कधी झाडापाण्याचा पुळका येतो का? त्यात त्याच्या दोऱ्या. जिथे पाणी झिरपतंय किंवा झिरपत असल्याची शंका आहे, अशा प्रत्येक जोडाला साळवे नायलॉनची लाल दोरी बांधायचा. सुती दोरी आमच्याकडच्या आम्लाच्या वाफेत आठवड्यात गळून पडायची, म्हणून नायलॉन. तो जोड दुरुस्त झाला, तपासून निर्धास्त झाला, की लाल सोडून पांढरी. आणि त्याचा एक कडक नियम होता: ज्याने दोरी बांधली त्यानेच ती सोडायची. फिटरने पाना फिरवून "झालं" म्हटलं तरी तो दोरीला हात लावू द्यायचा नाही. "दुरुस्त करणारा झालंच म्हणणार," तो म्हणायचा, "झालं की नाही ते बांधणाऱ्याला बघू द्या." मला यातही डाव दिसला. लाल दोरीची यंत्रं विकणार, त्यावरची माणसं घरी जाणार, असं खात्यात कुणीतरी पसरवलं. कुणीतरी म्हणजे मीच.

एक गोष्ट आज कबूल करतो, कारण वयाने आता लाजायचीही सोय ठेवलेली नाही. माझ्या संशयात साळवेचं आडनावही होतं. आपल्या डोळ्यांदेखत हा वर चाललाय, साहेब याचं ऐकतात, हे मला सलत होतं. हीच कामं आमच्या भावकीतल्या कुणी केली असती तर मी युनियनतर्फे त्याचा सत्कार ठेवला असता.

दर शनिवारी पहिली पाळी सुटली की साळवे पुढच्या गेटने न जाता मागच्या गेटने जायचा, पिशवीत रिकामी बाटली घेऊन. कशाला? एका शनिवारी मी सायकलवर त्याच्या मागे गेलो. कंपाउंडच्या पलीकडे नामदेवबाबा नावाच्या म्हाताऱ्याची मोसंबीची बाग होती, बागेत विहीर. मी बांधाआड उभा राहिलो. साळवेने बाटली पुढे केली तशी बाबा म्हणाला, "बाटली हितं ठिवा. म्या भरतो." बाटली खाली ठेवली गेली, मग बाबाने उचलली. साळवे चार पावलं मागे सरकून उभा राहिला, सवयीने. बाबाने भरलेली बाटली उन्हात धरली आणि त्याचा आवाज चढला, "बगा, पिवळं हाय का न्हाई? लई दिस झालं. पानं गळाया लागली झाडांची. तुमची कंपनी माझी हीर मारनार." साळवे एवढंच म्हणाला, "बाबा, प्यायला अजिबात घेऊ नका. टँकर येतोय ना रोज? शेंदू नका हे. मी शोधतोय."

पिवळं पाणी म्हणजे क्रोमचं पाणी. म्हणजे आमच्या प्लेटिंगचं. मी सायकल फिरवली आणि परतीच्या वाटेवर सगळं जुळवून टाकलं. हा पुरावा गोळा करतोय. हा पुरावा कुणातरी अधिकाऱ्याच्या टेबलावर जाणार, खात्याला कुलूप लागणार, आणि दोऱ्या म्हणजे पंचनाम्याच्या खुणा. साठ घरं रस्त्यावर येतील. म्हाताऱ्याच्या विहिरीचं काय होईल, हे माझ्या मनात एकदाही आलं नाही.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे पाळी लवकर सुटायची. दुसऱ्या दिवशी यंत्रांची पूजा, म्हणून सगळे मिळून खातं धुवायचे, यंत्रं पुसायचे, झेंडूच्या माळा ओवायचे. त्या संध्याकाळी साफसफाईच्या नावाखाली मी पक्कड घेतली आणि प्लेटिंगमधल्या सगळ्या दोऱ्या कापल्या. लाल, पांढऱ्या, सगळ्या. कुणी विचारलंच तर पूजेला यंत्र कसं स्वच्छ दिसलं पाहिजे, हे उत्तर तयार होतं. शेवटची दोरी माझ्याच टाकीखाली होती. ती कापताना वॉचमनची चाहूल लागली, हात दचकला आणि पक्कड टाकीपुढच्या लाकडी फळ्यांच्या फटीतून खाली गेली. मी हात घालून पाहिलं, मिळाली नाही. पक्कड माझ्या नावावर होती, तिच्या दांड्यावर माझा नंबर ठोकलेला, २१४. फळ्या उचलून बघायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी मी टूलरूमला पक्कड चोरीला गेली म्हणून सांगितलं आणि शिंदेचं नाव घेतलं. तो बिचारा वर्षभर माझ्याशी बोलला नाही. मीही बोललो नाही, जणू चोरी खरंच त्याने केली होती.

पूजेच्या सकाळी साळवे प्लेटिंगमध्ये आला. सगळीकडे झेंडू, हळदकुंकू, नारळ. तो एकेका जोडापाशी थांबत पुढे गेला. जिथे दोऱ्या होत्या तिथे बोट फिरवलं. मी नारळाचे तुकडे वाटत होतो, त्याच्या हातावर एक ठेवला. तो म्हणाला, "खातं छान साफ केलंत." बस. आणि सोमवारपासून पहिल्या टाकीपासून पुन्हा लाल दोऱ्या बांधायला लागला.

तो नेमकं काय करत होता, ते मला नंतर कळलं. कुठला जोड फुटलाय ते वरून दिसत नव्हतं. म्हणून तो एकेक टाकी आठ-आठ दिवस बंद ठेवून विहिरीचं पाणी पाहत होता. पिवळेपणा तसाच राहिला की ती टाकी निर्दोष, तिला पांढरी दोरी. असं करत तो सहा-सात महिन्यांत जवळजवळ सगळ्या खात्यावरून पुढे आला होता, दोन-तीन टाक्याच उरल्या होत्या. मी त्याची सगळी वाट पुसली. काही जोड त्याच्या आठवणीत होते, पण आठवणीवर तो विसंबायचा नाही. दिवाळीपर्यंत जे सापडलं असतं ते उन्हाळ्याच्या शेवटी सापडलं... माझ्याच टाकीखाली. फळ्या उचलून फरशी खोदली तर खालची विटांची नाली खचलेली, आणि तिच्यातून पिवळं पाणी सरळ जमिनीत. मी त्या आठवड्यात गावी यात्रेला गेलो होतो. परत आलो तेव्हा नवी नाली बांधून तयार होती, तिच्या तोंडाशी लाल दोरी. आठ दिवसांनी तिथे पांढरी आली. तोवर नामदेवबाबाने निम्मी बाग तोडली होती. पुढे विहीर हळूहळू निवळली, चाऱ्याला चालायला लागली, पण त्या घराने ते पाणी पुन्हा तोंडाला लावलं नाही.

त्यानंतर एकदा कँटीनमध्ये मी धीर करून त्याला विचारलं, "एवढं सगळं वहीत लिहून का नाही ठेवलंस? दोऱ्या कशाला?" तो चहात पाव बुडवत म्हणाला, "कागद वर जातो, औटी. वर गेला असता तर पहिलं कुलूप तुमच्या खात्याला लागलं असतं, आणि गळती तशीच राहिली असती. साहेबांना तोंडी सांगितलं, बाबाला तोंडी सांगितलं. दोरी कुठं जात नाही." ज्या माणसाला मी आमचं खातं बुडवायला निघालेला समजत होतो, तो खातं वाचवण्यासाठीच कागद टाळत होता. हे गुपचूप निस्तरणं बरोबर होतं का, बाबाला लेखी न्याय मिळायला नको होता का, ही शंका मला आजही आहे. पण ती शंका घ्यायचा अधिकार मला नाही, एवढं कळतं. "दोऱ्या कापल्या कुणी, कळलं का रे?" मी विचारलं. विचारायला नको होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग कपाकडे. "पूजेची साफसफाई होती," तो म्हणाला.

तिथून पुढची पंचवीस-तीस वर्षं मी एकाच संशयावर काढली: याला माहीत आहे का? माहीत असतं तर बोलला असता, असं एक मन म्हणायचं. दुसरं म्हणायचं, हा बोलणारा माणूस आहे का? त्याने पुढे तिन्ही पाळ्यांचं पाणी पुन्हा वापरात आणलं, साहेबांनी त्याचा हार घालून सत्कार केला, तेव्हा टाळ्यांत माझी टाळी सगळ्यात मोठी होती. निवृत्त झाल्यावर आम्ही दोघंही नगरच्या सावेडी भागातच राहायला आलो. मी त्याच्याकडे जायचो, तो माझ्याकडे यायचा. माझ्या घरच्या गळक्या नळाला वायसर बसवून जायचा, वर दोरी बांधायला विसरायचा नाही, आणि आठवड्याने येऊन स्वतः सोडायचा. माझी बायको हसायची. मला हसू यायचं नाही. गेल्या दिवाळीत त्याच्या ओट्यावर बसलो होतो, तेव्हा शब्द अगदी ओठांवर आले होते. "साळवे, एक सांगायचं राहिलंय..." मी म्हणालो. तो म्हणाला, "सांगा की." आणि मी गुडघेदुखीचं सांगितलं. त्याने मान हलवून ऐकून घेतलं.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेलो होतो. माणसं पांगली तशा वहिनी आतून एक पत्र्याचा डबा घेऊन आल्या. वायसर, टेफ्लॉनची टेप, पाने. त्यातून त्यांनी एक पक्कड काढून माझ्यापुढे धरली. "ही तुमची, भाऊ. कंपनीत फरशी खोदताना सापडली म्हणायचे. कितीदा म्हटलं, देऊन टाका औटी भाऊंना. तर म्हणायचे, मागायला येतील." दांड्यावरचा नंबर मी वाचला नाही, बोटाला लागला. आणि दांड्याला, दोन वेढे देऊन, त्याच्या त्याच गाठीने बांधलेली लाल नायलॉनची दोरी होती.

म्हणजे त्याला त्या उन्हाळ्यापासून माहीत होतं. माझ्या प्रत्येक चहाला, प्रत्येक गळक्या नळाला, ओट्यावरच्या त्या संध्याकाळीही. मी मागायला जाईन म्हणून तो थांबला होता, आणि मी त्याच्यावर पाळत ठेवत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी शिंदेकडे गेलो आणि पक्कड दाखवून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हातारपणी काय काय ऐकावं लागतं, राव." नामदेवबाबा केव्हाच गेला, तिकडे सांगायला कुणी उरलं नाही. आता हे लिहूनही झालं. पक्कड स्वयंपाकघरात खिळ्याला टांगली आहे. काल नळ घट्ट करायला घेतली तर दोरी हाताला आडवी येत होती. बायको म्हणाली, "काढून टाका की ती." मी म्हणालो, नको. मी सगळं सांगून, लिहून मोकळा झालो असलो तरी दुरुस्त करणारा झालंच म्हणणार. झालं की नाही, ते बांधणाऱ्यानेच बघायचं असतं.