आरोहीचा डावा गाल

आम्रपाली तांबे दुष्ट नव्हती. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं, कारण पुढे ते सांगायला जागा राहणार नाही.

मंडणगड तालुक्यातल्या बौद्धवाडीतली ही मुलगी. वडील हरिश्चंद्र शाळेत क्लार्क होते, आता निवृत्त. जयंतीच्या कार्यक्रमात माइक हातात आला की ते आधी बाबासाहेबांवर बोलायचे आणि मग हमखास लेकीवर घसरायचे. "आमची आम्रपाली मानसशास्त्रात एम. ए. झाली, आता परदेशी सर्टिफिकेट घेतेय. न बोलणाऱ्या पोरांना बोलतं करते." आम्रपाली खाली मान घालून बसायची. पण एखाद्या वर्षी ते विसरले असते, तर रात्रभर रुसली असती.

रत्नागिरीत एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ती काम करायची ते सेंटर होतं. न बोलणारी, डोकं आपटणारी, हाताला चावणारी मुलं तिथं यायची. आम्रपाली तिथं ट्रेनी. सर्टिफिकेटसाठी दोन हजार तास काम करायचं होतं आणि त्यात एक मेख होती. महिन्यातून एकदा तरी पर्यवेक्षकानं तुम्हाला प्रत्यक्ष मुलाबरोबर काम करताना बघायला हवं. बघितलं नाही, तर त्या महिन्याचे सगळेच्या सगळे तास बाद. पर्यवेक्षक मृणाली मॅडम पुण्याला. त्या लॅपटॉपच्या पडद्यावरून बघायच्या.

पहिल्याच वर्षी, एक मुलगा तासभर रडला तेव्हा आम्रपाली बाथरूममध्ये जाऊन त्याच्याबरोबर रडली होती. मृणाली मॅडमना ते कळलं. "तू फार हळवी आहेस," त्या म्हणाल्या, "हे काम तुझं नव्हे." मंडणगडहून इथवर आलेल्या पोरीला हे तुझं नव्हे, ते तुझं नव्हे ऐकायची सवय होती, आणि प्रत्येक वेळी ते खोटं पाडायचीही. तिनं हेही खोटं पाडायचं ठरवलं. सहा महिन्यांत तिचा चेहरा इतका कोरा झाला की मॅडम इतर ट्रेनींना तिचे व्हिडिओ दाखवू लागल्या. शाबासकीची भूक वाईट. माणूस त्यासाठी स्वतःचं काय काय काढून देतो आणि वर खूशही असतो.

तीन वर्षं झाली. उरले फक्त ऑगस्टचे तास. नव्या वर्षापासून नियम बदलणार होते, त्याआधी अर्ज गेला नाही तर जुने तास मातीत. आणि ऑगस्टमध्ये मॅडम दोन आठवडे परदेशी. आल्या त्या दिवशी रत्नागिरीत लाइट गेली. राहिली ती एकतीस तारीख, शनिवार. निरीक्षणासाठी कागदावर नाव होतं आरोहीचं.

आरोही सहा वर्षांची. हातखंब्याच्या पुढच्या एका गावातून आई दीपाली तिला दोन एसट्या बदलून आणायची. बाप मुंबईला एका कॅन्टीनमध्ये. आरोही बोलत नव्हती, हवं ते किंचाळून मिळवायची. म्हणून योजना अशी ठरली होती: ती किंचाळली की तोंड फिरवायचं, बोलायचं नाही, हात लावायचा नाही. गप्प झाली की मनात पाच मोजायचे, मग तिच्याकडे बघून हसायचं आणि फणसपोळीचा तुकडा द्यायचा. फणसपोळीसाठी आरोही जीव टाकायची. दोन महिन्यांत तिचं किंचाळणं चाळीस मिनिटांवरून दहावर आलं होतं. दीपाली आम्रपालीच्या पाया पडायचीच काय ती बाकी होती.

त्या शनिवारी दीपाली जिन्यातच थांबली.

"म्याडम, काल रातपासून जेवली नाय हो ही. फणसपोळी दिली ती पण थुकलीन. गाल बगा जरा, सुजल्यासारका वाटतोय. आदी दाताच्या डाक्टरकडं न्हेऊ काय?"

आम्रपालीनं बघितलं. डावा गाल टम्म फुगला होता, कातडी चकचकत होती. तिनं हात लावला तर गरम. आरोहीनं मान मागे घेतली.

तिच्या विषयातला पहिला धडा आहे: रडण्याकडे दुर्लक्ष करण्याआधी मुलाला काही दुखत नाही ना, हे बघा. परीक्षेत हा प्रश्न आला होता आणि आम्रपालीला पैकीच्या पैकी गुण होते. मॅडमच्या नजरेस तो गाल पडला असता, तर त्यांनी तिथल्या तिथं सेशन थांबवलं असतं. त्या कडक होत्या, पण आंधळ्या नव्हत्या.

"थोडी सूज आहे," आम्रपाली म्हणाली. "ताई, एक तास होऊ दे, मग न्या. आज मोठ्या मॅडम बघणार आहेत. आज चुकलं तर हिचंच नुकसान आहे."

हिचंच. कोणाचं, ते तिला पक्कं ठाऊक होतं.

"बरं," दीपाली म्हणाली, आणि बाहेरच्या बाकावर बसली.

आत लॅपटॉप टेबलावर होता. रोज आरोहीची खुर्ची खिडकीकडे तोंड करून असायची. आम्रपालीनं ती उचलली आणि उलट बाजूला ठेवली. आता पडद्यावर उजवा गाल येत होता, गोरा, गुटगुटीत. मग तिनं कॉल लावला.

आरोही सव्वीस मिनिटं किंचाळली. हे रोजचं किंचाळणं नव्हतं, आणि आम्रपालीला ते पहिल्या मिनिटाला कळलं. रोज ती फणसपोळीच्या डब्याकडे बघून ओरडायची. आज डब्याकडे तिनं बघितलंच नाही. ती आम्रपालीकडे बघत होती. तिनं आम्रपालीचा हात धरून स्वतःच्या गालाकडे ओढला. गेलं वर्षभर आम्रपाली तिला हेच शिकवत होती, हवं ते ओरडून नको, दाखवून माग. आज पोरीनं दाखवलं. आम्रपालीनं हात सोडवून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. लाज वाटली तिला, आणि तरी ती घड्याळाकडे बघत राहिली.

सत्ताविसाव्या मिनिटाला आरोही गप्प झाली. टेबलावर डोकं टेकून नुसती पडून राहिली. आम्रपालीनं पाच मोजले, वळली, हसली, तुकडा पुढे केला. आरोहीनं तो घेतला नाही.

"सुंदर," पडद्यावरून मृणाली मॅडम म्हणाल्या. "एकदासुद्धा ढळली नाहीस. फॉर्म पाठव, सोमवारी सही करते."

तास संपला तेव्हा दीड वाजला होता. दीपाली दातांच्या दोन दवाखान्यांत जाऊन आली. शनिवार दुपार, दोन्ही बंद. ती पोरीला घेऊन गावी गेली.

रविवारी सकाळी तिचा फोन आला, रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यातून; रात्रीच आरोहीला तिथं आणलं होतं. रत्नागिरीत ओळखीचं म्हणून तिला आम्रपालीच ठाऊक. आम्रपाली दवाखान्यात पोचली तेव्हा आरोहीच्या गळ्याला चीर दिलेली होती, आत नळी होती, डोळा सुजून मिटला होता. दाढेतला पू गळ्यात उतरला होता. जगेल, डॉक्टर म्हणाले. पण काल दुपारच्या आत आणली असती तर दाढ काढून भागलं असतं.

"काल होती कुठे ही?" डॉक्टर केसपेपर घेऊन उभे होते, लिहिता लिहिता विचारत होते. "एवढी सूज कुणाला दिसली नाही?"

दीपालीनं आम्रपालीकडे बघितलं. त्या नजरेत आरोप नव्हता. म्याडम शिकलेल्या आहेत, त्या नीट सांगतील, एवढंच होतं.

खरं सांगायला एकच वाक्य पुरलं असतं. ते केसपेपरवर गेलं असतं, तिथून पुण्याला, आणि सही झाली नसती. आम्रपालीच्या डोळ्यांपुढे मंडणगडचा माइक आला.

"आमच्याकडे होती तासभर," ती म्हणाली. "तेव्हा सूज नव्हती. आणि पालकांनी आम्हाला काहीच सांगितलं नव्हतं."

डॉक्टर दीपालीकडे वळले. "खरं का हे?"

दीपालीनं आम्रपालीकडे बघितलं, खाटेवरच्या पोरीकडे बघितलं. अशा मुलांचं तिला परवडणारं दुसरं सेंटर जिल्ह्यात नव्हतं. या सेंटरात नंबर लागायला तिनं चौदा महिने वाट बघितली होती.

"व्हय," ती म्हणाली. "मी नाय सांगितलं. माजं ध्यान नव्हतं."

मग डॉक्टरांनी तिला जे सुनावलं ते सगळ्या वॉर्डानं ऐकलं. आई आहेस की कोण, इथपासून ते अशा बायकांना मुलं होतातच कशाला, इथपर्यंत. दीपाली पदर तोंडाला लावून ऐकत राहिली. आम्रपाली दोन हातांच्या अंतरावर उभी राहून सगळं ऐकत होती.

सोमवारी सही झाली. दिवाळीनंतर सर्टिफिकेट आलं, मंडणगडला पेढे वाटले गेले. ते सगळं रीतसर झालं.

पण त्या रविवारी, डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेल्यावर, दीपालीनं डोळे पुसले आणि ती आम्रपालीजवळ आली. भांडायला आली असं आम्रपालीला वाटलं. तिनं भांडावं, असंही क्षणभर वाटलं.

"म्याडम," दीपाली हळूच म्हणाली, "मी बोलले तसं बरोबर झालं ना? हिचा नंबर नाय ना जानार? बरी झाली की आणू ना क्लासला?"

"आणा," आम्रपाली म्हणाली.

दीपालीनं तिला हात जोडले.