भोंग्यातला ल

शेठनी मला ठेवून घेतलं तेव्हा मला गाडी चालवता येत होती आणि गप्प बसता येत होतं. दोन्ही गोष्टी त्यांना उपयोगाच्या वाटल्या. सातवीत शाळा सुटलेली. तळकोकणातून ट्रकवर क्लीनर म्हणून निघालो आणि तीन वर्षं फिरत फिरत कापसाच्या एका खेपेत सेलूला येऊन राहिलो. इथली बोली पहिले काही महिने मला निम्मीच कळायची. कुणी "काय करायलास?" असं विचारलं की आपलं काहीतरी चुकलंच असणार असं धरून मी आधी हातातलं काम खाली ठेवायचो.

गाडी म्हणजे एक जुनी पिकअप. पुढे दोघांपुरती केबिन, मागे उघडा हौदा. हंगामात तिच्यातून जिनिंगला कापूस जायचा. टपावर एक भोंगा सुतळीने आवळलेला आणि सीटखाली बॅटरीवर चालणारा ॲम्प्लिफायर. एका तंबूच्या सिनेमाचा गाशा गुंडाळला गेला तेव्हा शेठनी तो सेट उचलला होता. कुणाला काही पुकारायचं असलं की गाडी भाड्याने जायची, आणि ड्रायव्हर मीच असल्यामुळे माईकवर बोलायचं कामही माझ्याकडेच आलं. गप्प बसणाऱ्या माणसाला हे काम मिळालं याचं शेठना हसू यायचं. मला घाम यायचा.

आणीबाणीचं ते दुसरं वर्ष, हिवाळा लागलेला. मेंढ्यांमध्ये देवीचा रोग पसरू नये म्हणून जनावरांच्या दवाखान्याने गावोगाव लस टोचायचं काढलं होतं. दवाखान्याची जीप बिघडून पडलेली, म्हणून आमची पिकअप लागली. मी आदल्या दिवशी गावातून फिरून सांगायचं, दुसऱ्या दिवशी डॉक्टर पेट्या घेऊन हजर. वाक्य मला लिहूनच दिलं होतं. "उद्या सकाळी आठ वाजता पाराजवळ सर्व मेंढ्यांना लस टोचण्यात येईल. सर्वांनी यावे."

पहिल्या गावात कुणी आलं नाही. दुसऱ्या गावात तीन शेळ्या आल्या, त्याही पोलीस पाटलाच्या. तिसऱ्या गावात मी बोलायला लागलो तशी पारावरची माणसं उठली आणि धोतर सावरत समोरच्या तुरीत शिरली. उंच तूर होती ती, माणूस आत गेला की दिसेना. मला वाटलं, कुठे साप निघाला असेल.

त्या गावाहून परतताना ओढ्यापाशी मेंढ्या आडव्या आल्या. मागे काठी घेऊन एक बाई होती, माझ्या आईच्या वयाची. मी गाडी थांबवली आणि विचारलं, "मावशी, उद्या येणार ना तुम्ही?"

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कामून यावं? आमच्या मानसाईची नस कापायला?"

"नस नाही हो. लस."

"तेच की. नस."

"लस, लस. मेंढ्यांना."

"मेंढ्यांना नस, आसंच म्हनलास तू. आदी मेंढ्याचं नाव करायचं, मंग मानसं धरायची. आमाला काय कळंना व्हय?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या वर्षी नस हा शब्द कानावर पडला की पुढचं 'बंदी' माणसं स्वतःच जोडायची. भोंगा लावलेली गाडी, भोंग्यातून नस. पळतील नाहीतर काय करतील? आणि मी तीन गावांत माझ्याच तोंडाने हे ओरडून आलो होतो.

डॉक्टर शेठकडे येऊन गेले. माणूस भला होता, ओरडला नाही. पण ते गेल्यावर शेठनी मला बोलावलं.

"कोकण्या, पुढच्या गुरुवारी देवगाव फाट्यावर मोठा कॅम्प हाय. आजूबाजूची नऊ गावं तुला फिरायचीत. त्या दिवशी बी कळप आले न्हाईत तर डॉक्टर दुसरी गाडी बगणार म्हनायलेत. आन तसं झालं तर मला ड्रायव्हर परवडत न्हाई. सरळ सांगून ठिवतो. नंतर तोंड पाडू नकोस."

मी म्हटलं, "शेठ, भोंग्यातून लसची नस होऊन ऐकू येते. तो दुरुस्त करू द्या मला."

"नव्या सेटचं नाव काढू नकोस."

"नवा नको. तीस रुपये द्या. बाकीचं माझं मी बघतो."

मी एवढं सलग बोललेलं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं असणार. गल्ल्यातून तीस रुपये काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवले. माझ्याकडे परतायला जागा नव्हती असं नाही. घर होतं, आई होती, पण तिथे हाताला काम नव्हतं. इथे मला कुणी ओळखत नसताना या माणसाने जिनिंगच्या मागे झोपायला खोली दिली होती. ती खोली सोडायची नाही, एवढं मी त्या दिवशी पक्कं केलं.

सेलूच्या बाजारात एक रेडिओ दुरुस्त करणारे मिस्त्री होते, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. शनिवारी सकाळीच मी भोंगा काढून त्यांच्या दुकानात ठेवला. त्यांनी तो उलटा धरला आणि आत दोन बोटं घातली. कापसाचा एक बोळा निघाला. मग दुसरा. मग बोटभर लांब पेळूच निघाला.

"अबे मियाँ, ह्ये भोंगा हाय का गादी?"

कापूस वाहून नेणारी गाडी, टपावर वर तोंड करून भोंगा. वर्षभर उडणारी सगळी तुसं त्याच्या घशात जाऊन बसली होती. त्यांनी मागचं युनिट खोललं. आत आवाज उमटवणारा पातळ पडदा असतो, तो कडेने चिरलेला निघाला.

"त्यो पडदा मिळत न्हाई इथं. अख्खं युनिटच बगावं लागंल. चुडाव्याला एक गुर्जी हायत, त्यांच्या वस्तीत जयंतीचा सेट हाय. औंदा नवं युनिट घेतलंय त्यांनी. जुनं पडून आसंल. माझं नाव सांग."

"आणि बाकीचं?"

चाचांनी माझ्याकडे बघून बोटांवर एकेक मोजायला सुरुवात केली. बॅटरीपासून ॲम्प्लिफायरपर्यंतची वायर घंटीची होती, सुतासारखी, तिच्यातून ताकदच पोचत नव्हती. तिथे जाड वायर हवी. गाडी चालू असली की डायनामोची शिट्टी आवाजात मिसळायची, त्याला एक कंडेन्सर. टपावर पत्र्याला पत्रा घासून खडखड व्हायची, त्याला खाली रबर. जाड वायर विहिरीच्या मोटारी बांधणाऱ्याकडे जुन्यातली मिळाली. रबर पिकअपच्याच फाटक्या ट्यूबचं कापलं. कंडेन्सर चाचांनी एका मेलेल्या गाडीतून काढून दिला आणि पैसे विचारल्यावर म्हणाले, "गाडी मेली, तिचं काय बिल देतोस?"

रविवारी पॅसेंजरने चुडाव्याला गेलो. स्टेशनवर विचारलं तर एकाने सरळ बुद्धवाड्यात नेऊन सोडलं. गुरुजी पन्नाशीचे, अंगात इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेनं. मी गेलो तेव्हा ते अंगणात बसून मुलांच्या वह्या तपासत होते. युनिटचं विचारल्यावर घरात जाऊन ते कापडात गुंडाळलेलं घेऊन आले. वस्तीतल्या लोकांनी पै पै जमवून पहिला सेट घेतला होता, त्यातलं ते. इतकं पुसून ठेवलेलं की मला हात लावायला संकोच वाटला.

"चालतं की नाही ते बघून घ्या," ते म्हणाले. "नंतर मला पत्र नको." मग त्यांनी त्यांच्या भोंग्याला ते जुनं युनिट जोडलं, सेट चालू केला आणि माईक माझ्या हातात दिला. "बोला काहीतरी."

मला एकच वाक्य येत होतं. ते मी म्हटलं.

आवाज असा खणखणीत आला की मी दचकलो. इतका मोठा, इतका मोकळा माझा आवाज मी कधी ऐकला नव्हता. पण समोरच्या ओसरीवर ज्वारी निवडत बसलेल्या बायांचे हात थांबले. त्यातली एक उठून आत जायला लागली.

गुरुजींनी तिला विचारलं, "काय ऐकलंस ग?"

"नस म्हनले की गुर्जी त्ये."

मी माईक खाली ठेवला. तीन गावं गेली, शेठचे पैसे गेले, आणि घोटाळा अजून तिथेच. गुरुजींनी मात्र चष्मा काढून पुसला.

"सेट माझा आहे, त्याची मला खात्री आहे," ते म्हणाले. "म्हणजे आता राहिलात तुम्ही. कुठले तुम्ही?"

"कोकणातला."

"तरीच. तुम्ही सगळंच थोडं नाकातून बोलता. त्यात 'मेंढ्यांना' म्हटल्यावर तुमचं नाक उघडंच राहतं आणि पुढची लस त्याच्यातून निघते. भोंगा काय करेल? तो खरं ते सांगतोय."

आमच्याकडे सगळेच असं बोलतात. आई बोलते, देवळातले गुरव बोलतात. सातवीपर्यंत कुणा मास्तरने मला हे सांगितलं नव्हतं, कारण मास्तरही तसेच बोलायचे.

"नाक चिमटीत धरा," गुरुजी म्हणाले. "हं. आता ल म्हणा."

मी म्हटला. निघाला.

"आता न म्हणा."

काही केल्या न निघेना. नाक बंद असल्यावर तो ड होऊन बाहेर पडला. ओसरीवरच्या बाया हसल्या.

"बघा. नाक धरलं की ल ला काही होत नाही, न मात्र मरतो. म्हणून लस म्हणताना नाक धरायचं. तुमच्या तोंडून नस बाहेर येऊच शकणार नाही."

मी लगेच पूर्ण वाक्य नाक धरून म्हटलं. "सर्व बेंड्यांडा लस" असं काहीतरी झालं. आता बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, आणि आत निघालेली बाई परत येऊन बसली.

"सगळ्या वाक्याला नाही," गुरुजी म्हणाले. "फक्त त्या एका शब्दाला. 'मेंढ्यांना' झालं की थांबा, नाक धरा, लस म्हणा, नाक सोडा. पाढ्यासारखं घोका."

युनिटचे त्यांनी पंधरा रुपये घेतले. शिकवण्याचे काही घेतले नाहीत, वर चहा पाजला. परतीच्या गाडीत युनिट मांडीवर ठेवून मी पूर्णा येईपर्यंत तेच घोकत होतो. मेंढ्यांना, थांबा, चिमटी, लस. समोर बसलेल्या म्हाताऱ्याने शेवटी विचारलं, "सर्दी झाली का रं बाबा?" मी हो म्हटलं. त्याने मला ओवा खायला दिला. तोही मी खाल्ला.

सोमवारी चाचांनी सगळं जोडून दिलं. भोंग्याच्या तोंडाला मी एक पातळ जाळी बांधली, कापूस आत जाऊ नये म्हणून. गाडी सुरू करून पाहिली तर शिट्टी गेली होती, खडखड गेली होती. पण एक नवीन अडचण मला रात्रभर छळत राहिली. एका हातात माईक, एका हाताने नाक. मग स्टिअरिंग कोण धरणार?

उत्तर सोपं होतं, तरी मला ते सकाळी सुचलं. गाडी चालवत बोलायचंच नाही. मंगळवारी पहिल्या गावात मी पारापाशी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि माईकची वायर लांबवून मागे हौद्यात उभा राहिलो. आजवर मी केबिनमध्ये लपून बोललो होतो. आता अख्खं गाव मला पाहू शकत होतं. मी माईक तोंडाशी नेला.

"गुरुवारी सकाळी आठ वाजता देवगाव फाट्यावर सर्व मेंढ्यांना..."

थांबलो. नाक धरलं.

"लस."

नाक सोडलं. "टोचण्यात येईल."

पारावरची दोन माणसं तुरीकडे निघालीच होती. ती वळली. मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत शाळेतली पोरं जमा झाली आणि प्रत्येक वेळी माझ्याबरोबर नाक धरून एका सुरात लस म्हणायला लागली. कुणीतरी विचारलं, "नाक कामून धरायलाय ह्यो?" दुसरा म्हणाला, "मेंढ्याचा वास येत आसंल सायबाला." माणसं हसायला लागली. हसणारी माणसं पळत नाहीत हे मला तिथे समजलं. लाज वाटत होती, पण मी पुढच्या गावाला गेलो. मंगळवारी पाच गावं केली, बुधवारी चार. शेवटच्या गावात पोरं गाडी येण्याआधीच रस्त्यावर नाक धरून उभी होती.

गुरुवारी फाट्यावर आम्ही सातलाच पोचलो. डॉक्टरांनी पेट्या उतरवल्या, सुया उकळायला ठेवल्या. आठ वाजले. जिंतूरकडून एक एसटी गेली, बाकी रस्ता रिकामा. डॉक्टर घड्याळाकडे बघत नव्हते, माझ्यासाठी मुद्दाम बघत नसावेत. मी भोंग्याची सुतळी सोडून पुन्हा बांधली. मग परत सोडली.

साडेआठला धूळ दिसली. पुढे तीच ओढ्यावरची बाई होती, मागे तिच्या मेंढ्या, तिच्या मागे आणखी तीन कळप आणि चार-पाच बाप्ये. बाप्ये थोडं अंतर राखून थांबले. ती सरळ माझ्याकडे आली.

"खरंच मेंढ्यालाच हाय ना रं?"

"मेंढ्यांनाच मावशी."

"आमचे मालक येत नव्हते. मी म्हनलं, जे लेकरू नाक धरून बोलायलंय ते कुनाला धरून न्हेनार? बगून तर येऊ." मग तिने माझ्या नाकाकडे पाहिलं. "आता म्हन की."

मी नाक धरलं. "लस."

"हां. आता बराबर म्हनलास," ती म्हणाली, आणि पहिली मेंढी धरून डॉक्टरांपुढे नेली. तिला टोचलेलं पाहिल्यावर बाप्ये पुढे सरकले. दुपारी दोनला लस संपली तरी दोन कळप उभेच होते. डॉक्टरांनी त्यांना पुढच्या आठवड्याची तारीख दिली आणि मला म्हणाले, "त्यांच्या गावात परत सांगावं लागेल."

संध्याकाळी शेठसमोर उरलेले पैसे ठेवले. त्यांनी ते न मोजता गल्ल्यात टाकले.

"डॉक्टर येऊन गेले," ते म्हणाले. "महिनाभर गाडी त्यांच्याकडंच. सकाळी लवकर निघ. आन कोकण्या, त्या भोंग्याच्या तोंडाला चाळणी कामून बांधलीस?"

"कापूस जाऊ नये म्हणून, शेठ."

त्यांनी गल्ला बंद केला. मग त्यांनी स्वतःचं नाक चिमटीत धरलं आणि म्हणाले, "बरं."