त्या दिवशी कार्यालय रिकामं होतं

वडील नगरसेवक होते, आणि सिमेंट-लोखंडाचे व्यापारीही. नव्वदीच्या दशकात त्यांनी सातारा रस्त्याला मंगल कार्यालय बांधलं. तोवर आमच्या गावात लग्नं दारातच व्हायची. मला त्या कार्यालयाचा भारी अभिमान होता.

एका सकाळी बौद्ध वस्तीतले निवृत्त सुभेदार घरी आले. दर निवडणुकीत वडिलांसाठी वस्तीत दारोदार फिरणारे तेच. त्यांची मुलगी दहावीपर्यंत माझ्या बाकावर बसायची.

"मालक, पोरीचं लगीन ठरलंय. कार्यालय पायजे."

वडिलांनी तारीख विचारली आणि कपाळावर हात मारला. "आवं, ती तारीख कवाच गेली. आधी न्हाई का सांगायचं?"

चहा घेऊन सुभेदार गेले. ते फाटकाबाहेर पडल्यावर वडील आईला म्हणाले, "एकदा त्यास्नी दिलं, की बाकीचे पाऊल ठेवायचे न्हाईत." आई कपबश्या उचलायला लागली. मीही.

लग्नाला वडील मला घेऊन गेले. वाटेत कार्यालय लागलं. फाटकाला कुलूप होतं. वडील ड्रायव्हरला म्हणाले, "जरा जोरात घे."

वस्तीत ताडपत्रीचा मांडव होता, आत नुसती भट्टी. बायका पदराने वारा घेत होत्या. वडिलांना फेटा बांधला, पुढची खुर्ची दिली. माईक हातात घेऊन ते म्हणाले, "हे माझ्याच घरचं लगीन हाय!" टाळ्या पडल्या. मला मान वर करवेना.

पांढऱ्या साडीतली मैत्रीण घामाने निथळत होती. माझा हात धरून तिने हळूच विचारलं, "आज कार्यालयात कुणाचं लगीन हाय गं?"

"कुणाचंच न्हाई."

तिने हात सोडला. शेजारी उभ्या सुभेदारांनीही ऐकलं. त्यांनी वडिलांना पंगतीत नेऊन बसवलं आणि स्वतः वाढलं.

परतताना जीपमध्ये मी वडिलांना सगळं सांगितलं. मला वाटलं, रागावतील, निदान गप्प तरी होतील. ते म्हणाले, "मग आता इलेक्शनला काय करायचं?"

ते निवडून आलेच. पुढे गावात दुसरं कार्यालय झालं, आमच्या तारखा रिकाम्या जाऊ लागल्या, तेव्हा त्यांनी वस्तीत निरोप धाडला, कार्यालय सगळ्यांना खुलं हाय. त्याबद्दल गावाने त्यांचा सत्कार केला. सुभेदार आले नव्हते. मी पहिल्या रांगेत होते.

"असा बाप मिळायला नशीब लागतं गं," शेजारची बाई म्हणाली.

मी मान हलवली.