एल्स म्हणजे लहान नव्हे

मला 'इफ' आणि 'एल्स' शिकवणाऱ्या शबाना मॅडम आज सकाळी गेल्या.

येवल्यात त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. खाली पैठणीचं दुकान, वर एक खोली. लाइट गेली की सगळ्यांनी मुकाट बसून राहायचं.

बारावीची परीक्षा संपल्यावर मी आणि माझी जुळी बहीण स्वाती तिथे C ही कॉम्प्युटरची भाषा शिकायला जायचो. गावाहून एसटीने.

त्या वर्षी आईच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. ती पलंगावरच. तिचं सगळं मी करायचे.

आप्पांनी आधीच सांगून ठेवलेलं, "नाशिकला शिकायला एकच जाईल. जिचे मार्क जास्त, ती. दुसरीनं आईपाशी राहायचं."

क्लासमधला आमचा पहिला प्रोग्राम होता, दोन आकड्यांतला मोठा कोणता.

मी लिहिलं, a > b असेल तर a मोठा, एल्स, म्हणजे नाहीतर, b मोठा. चालला! मी खूश.

मॅडम मागून आल्या. दोन्ही वेळा सातच टाइप केले.
स्क्रीनवर आलं, "b मोठा".

"खरंय का हे?"
"नाही मॅडम. सारखेच आहेत."

"मग? बेटा, एल्स म्हणजे लहान नव्हे. पहिली अट खरी ठरली नाही, बस एवढंच. त्याच्यापुढे अजून विचारावं लागतं."

मी अजून एक अट घातली, a आणि b सारखे आहेत का. त्यात बरोबरचं चिन्ह एकदाच टाकलं. त्यांनी माझ्या हातून दुसरं टाकून घेतलं.
"एका चिन्हानं आपण किंमत देतो. दोन चिन्हांनी विचारतो. आधी विचारायचं."

बारावीचा रिझल्ट लागला. स्वातीचे मार्क जास्त. बरेच जास्त.

मी क्लासला जाणं बंद केलं. रडले वगैरे नाही. ठरलंच होतं ना.

स्वातीने मला न सांगता मॅडमना सगळं सांगितलं.

रविवारी मॅडम एसटीने आमच्या गावात. आप्पा घराशेजारी, कांदा साठवायच्या चाळीपाशी होते.

"भाऊ, थोडं बोलायचंय."

"बोला की मॅडम. पण निकाल तर लागला. हिचे कमी हायेत. आता काय करता?"

"कमी आहेत, मान्य. पण स्वातीने दिवसभर अभ्यास करून पेपर दिले. हिने आईला उठवून-बसवून, स्वयंपाक करून दिले. दोघींना सारखं वर्ष मिळालं असतं, तर मीसुद्धा हे मार्क शेजारी ठेवून बघितले असते."

आप्पांनी घराच्या दाराकडे बघितलं.
"मंग हिच्या आईला कोण बघंल?"

"ते मला नाही माहीत, भाऊ. पण तो प्रश्न वेगळा आहे. त्याचं उत्तर पोरीच्या मार्कांत नका शोधू."

आतून आईचा आवाज आला.
"जाऊ द्या दोघींना. मी काय जन्मभर पडून नाय राहणार."

संध्याकाळी आप्पांनी नांदगावला आत्याला फोन केला. ती आली आणि आई काठी घेऊन चालायला लागेपर्यंत राहिली.

आम्ही दोघी नाशिकला गेलो.

आज स्वाती पॉलिटेक्निकला शिकवते. मी इथेच नाशिकमध्ये सॉफ्टवेअर कंपनीत आहे.

गेले काही महिने मॅडम डायलिसिसला नाशिकला यायच्या. झालं की माझ्या घरी पडायच्या थोडा वेळ.

एका दुपारी मी विचारलं, "मॅडम, तुम्ही एवढ्या हुशार. मग नाशिकला, पुण्याला का नाही गेलात?"

त्या उठून बसल्या.

"जायचं होतं गं. माझ्या वेळी घरी येऊन बोलणारं कोणी नव्हतं."

मग म्हणाल्या, "चहा टाक. साखर नको."

आज दुपारी मी, स्वाती आणि आप्पा येवल्याला पोचलो. मॅडमची गल्ली त्यांनी शिकवलेल्या मुलींनी भरली होती. काहींच्या कडेवर लेकरं, काही ऑफिसमधून तशाच आलेल्या.

आप्पा डोक्याला रुमाल बांधून जनाज्यासोबत कब्रस्तानापर्यंत चालत गेले. गुडघे दुखतात, तरी गेले. माती देऊन आले.

परत येताना गाडीत ते रडले. आम्ही दोघींनी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

शबाना मॅडम, खूप दमला होतात. आता आराम करा.

तुमच्या मुलींचा शेवटचा सलाम.