डुकराच्या वाटेवरची तार

टोकावड्याला आमचं भात पिकायला आणि वडिलांना हिवताप चढायला दरवर्षी एकच मुहूर्त. त्याच दिवसांत रानडुकरं खाचरात शिरायची, म्हणून बांधावर बांबूचं मचाण, आमच्या बोलीत माळा, बांधून घरातल्या कुणीतरी राखणीला बसायचं. घराचे कारभारी थोरले काका. काकांचे गुडघे दुखायचे आणि वडिलांना नुसता ताप, तेव्हा बसायचे वडील!

आदल्या साली ते मचाणावरून उतरले ते अंथरुणालाच खिळले आणि शिमग्यापर्यंत उठले नाहीत. यंदा चढले तर परत येणार नाहीत, हे मला दिसत होतं. आईलाही दिसत होतं. पण काकांपुढे बोलायची कुणाची छाती? मीही बोलले नाही. मी घंटा करायला बसले.

माझं शिक्षण मराठी चौथी. तरी शास्त्राच्या पुस्तकात लोखंडाला तार गुंडाळून, तारेला सेल जोडून चुंबक केल्याचं चित्र होतं आणि ते माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं. लढाईमुळे विजेरीचे नवे सेल मिळत नव्हते. मग घाटात येणाऱ्या शिकाऱ्यांनी टाकलेले मेलेले सेल वेचले, त्यांना खिळ्यानं भोकं पाडली आणि कल्हईवाल्याकडून मागून आणलेल्या नवसागराच्या पाण्यात बुडवून ठेवले. त्यातले निम्मेअधिक जिवंत झाले. तार मुरबाडच्या मोटारवाल्यानं फेकलेल्या डायनामोतून उकलली. चुंबकानं लोखंडी पट्टी ओढली की तिच्या टोकाचा ठोका बैलाच्या गळ्यातल्या पितळी घंटेवर पडायचा. पहिल्यांदा ती वाजली तेव्हा मी चुलीपुढे एकटीच नाचले. का नाचू नये?

काका म्हणाले, "हिला सासरी काय तारा गुंडालाया धाडायची? बायकांच्या जातीला हे थेर शोभतात का?"

आईनं माझ्याकडे बघितलं नाही. पण लोणच्याची रिकामी बरणी सेल बुडवायला तिनंच मला काढून दिली होती.

घरामागच्या कुंपणात खाचराकडे जायला डुकरांनी पाडलेली वाट होती. तिथवर घंटेची तार नेली, तिच्या टोकांना जोडलेल्या दोन पत्र्यांमध्ये बांबूची चीप बसवली आणि चिपेला काळा दोरा बांधून तो वाटेवर आडवा ताणला. दोऱ्याला धक्का लागला की चीप निसटणार, पत्रे एकमेकांना चिकटणार आणि घरात घंटा वाजणार. मग घरात बसून राखण करता आली असती. काकांनी हे ऐकूनसुद्धा घेतलं नाही. "आज तिन्हीसांजंला तुजा बापूस माल्यावर जाईल," एवढंच बोलून ते उठले.

सांज झाली. वडील कुडकुडत घोंगडी गुंडाळत होते, आणि तेवढ्यात घंटा वाजायला लागली. मी अंगणात धावले आणि बोंब ठोकली, "डुक्कर! डुक्कर आला!"

राखणीची बोंब उठली की प्रत्येक घरानं हाताला लागेल ते घेऊन धावायचं, ही आमच्याकडची रीत. कोण, कुठे, असं आधी विचारायचं नाही. विचारत बसलं तर डुक्कर पसार होतं. अख्खी आळी काठ्या, कोयते, डबे बडवत कुंपणाकडे पळाली आणि वाटेला गराडा पडला. कुणीतरी कंदील वर धरला.

वाटेत काका उभे होते. हातात विळा. माझी तार कापायला आले होते. तार कुठे आहे ते त्यांना ठाऊक होतं. तिच्या अलीकडे दोरा आहे, हे त्यांनी ऐकून घेतलं नव्हतं.

आधी बायका हसल्या, मग सगळेच. घरात घंटा वाजतच होती. काका संतापानं थरथरत माझ्यावर ओरडले, "काड ती तार! आत्ताच्या आत्ता काड!"

मी जागची हलले नाही.

माझ्या मागून वडील आले. घोंगडी अंगावर, दात वाजत होते. आजवर थोरल्या भावापुढे मान वर न केलेला माणूस. ते म्हणाले, "दादा, तार नाय निघायची. आन मी पन माल्यावर नाय जायाचा. तुला राखन पायजे ना? मंग तू चड."