चिऊचा बेडका आणि माझी पाटी

आमच्या सोसायटीच्या आवारात ‘येथे थुंकू नये’ ही पाटी मी लावली, आणि स्वतःच्या मुलीला थुंकायला शिकवता यावं म्हणून ती काढलीही मीच.

झालं असं, की आमच्या पाच वर्षांच्या चिऊचा खोकला महिना झाला तरी हटेना. दोन औषधं बदलून झाली. रात्री ती खोकायला लागली की माझा जीव कासावीस व्हायचा. शेवटी गंगापूर रोडच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, “नेमका कोणता जंतू आहे ते बघू. परवा या, घशातून स्वॅब घेते.”

स्वॅब म्हणजे लांब काडीच्या टोकाला कापूस! चिऊ शांत होती, घाम मला फुटला. (कोरोनात नाकात काडी घालणाऱ्या नर्सबाईंचं मनगट मी असं धरलं होतं, की सोडवायला दोघं लागले.)

“मॅडम, मोठ्यांसारखा डबीत कफ दिला तर काडी टळेल?”

“दिला तर उत्तमच! पण या वयाची मुलं कफ थुंकत नाहीत, गिळून टाकतात. जमतच नाही त्यांना.”

जमत नाही? माझ्या मुलीला? मी डबी मागून घेतली आणि “परवा भरून आणतो” असं बजावून निघालो.

घरी बेसिनपाशी वर्ग भरला. “चिऊ, असं खाकरायचं. खर्रर्र... थू!” चिऊनं अत्यंत सभ्यपणे नुसतं “थू” म्हटलं. माझंही प्रात्यक्षिक हनुवटीवरच संपलं. माझी बायको वैशाली दारातून म्हणाली, “अहो, तुम्हालाच येत नाही. एखाद्या जाणकाराला विचारा ना!”

जाणकार एकच. तळमजल्यावरचे बागूल काका! मूळचे सटाण्याकडचे, तंबाखूचे शौकीन. पायरीवर बसून समोरच्या नारळाच्या बुंध्यावर नेम धरायचे. त्या नारळावरची माझी पाटी खास त्यांच्यासाठीच होती, आणि ती लागल्यापासून आमचं बोलणं बंद होतं. चिऊचा हात धरून मी त्यांच्या दारात उभा राहिलो.

“काका, हिला जरा थुंकायला शिकवाल?”

काकांनी मला चष्म्यावरून न्याहाळलं. “सेक्रेटरी, तब्येत बरी हाय ना?”

मी सगळं सांगितलं. काका गंभीर झाले. “पोरीसाठी करतो. पण तिथं पाटी हाय. नियम म्हंजे नियम!”

“इतकी वर्षं पाटीखालीच थुंकत होतात की!”

“ते येगळं. आता मी सुधारलो.”

मी मुकाट्यानं स्क्रूड्रायव्हर आणला.

दोन दिवस नारळासमोर शिकवणी चालली. “लय घाई नाय करायची, बेटा. आधी दम घे, मग नेम धर!” पहिल्या दिवशी चिऊचा नेम माझ्या चपलेवर पडला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नारळावर! काकांनी टाळ्या वाजवल्या. मला तर भरून आलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी डबी भरून मी विजयी मुद्रेनं मॅडमच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती उजेडात धरली.

“अहो, ही नुसती लाळ आहे. कफ छातीतून यायला हवा. याचा काही उपयोग नाही.”

म्हणजे दोन दिवस आम्ही फक्त नेम शिकलो होतो!

“चिऊ, आ कर बघू. आता खोक.” मॅडमनी काडी घशाशी धरली, चिऊ काडीवर खोकली, काडी नळीत गेली. संपलं! मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसलो होतो.

“बाबा, झालं. डोळे उघड,” चिऊ म्हणाली. मला तिचा भयंकर अभिमान वाटला, आणि स्वतःची तितकीच लाज.

जंतू सापडला, त्याला लागू पडणारं औषध मिळालं आणि आठवड्याभरात खोकला गेला. रात्री चिऊ शांत झोपते, आणि ते बघून आम्हीही. थुंकणं मात्र गेलं नाही! आता ती तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या बाल्कनीतून नारळावर नेम साधते. परवा नारळाखाली नेमके बागूल काका उभे होते. टक्कल पुसत त्यांनी वर बघितलं आणि आधी ओरडले, “वा, बेटा!” मग घरात जाऊन लेखी तक्रार केली.

तक्रार आली म्हणजे सेक्रेटरीनं कारवाई केलीच पाहिजे. मी पाटी परत ठोकली. मग ‘तिसरा मजला’ यांच्या नावे खुलासा मागणारं पत्र लिहिलं, सही केली, शिक्का मारला आणि स्वतःच्याच दाराखालून आत सरकवलं. सात दिवसांत लेखी उत्तर द्यायचंय, आणि काय लिहावं ते सुचत नाहीये. आमचा सेक्रेटरी फार खडूस माणूस आहे!