उपचार सुरू आहेत

बातमी सगळ्यांच्या आधी द्यावी म्हणून जीव टाकणारे जगात पुष्कळ. बातमी उशिरा द्यावी म्हणून मालकाशी हुज्जत घालणारा वृत्तनिर्माता मी आमच्या सोलापुरातच पाहिला. केबलच्या वाहिनीवर मी बातम्या वाचायची आणि कोणती बातमी कधी, किती दाखवायची हे हा गृहस्थ ठरवायचा. शिपायापासून मालकापर्यंत सगळे त्यांना मामा म्हणत. मूळचे मंद्रूपचे, राहायला शुक्रवार पेठेत. पण खरा मुक्काम स्टुडिओच्या काचेपलीकडं, खुर्चीवर एक पाय ठेवून उभं. मी कॅमेऱ्यासमोर गंभीर चेहऱ्यानं वाचत असले की कानातल्या यंत्रातून आवाज यायचा, "बाई, हळू की! मागं कुत्रं लागलंय का?" एकदा मंत्र्यांच्या दौऱ्याच्या ऐन मध्यात "चहा आलाय, गार व्हायलाय" असं ऐकून मला जे हसू फुटलं, ते मंत्र्यांच्या माणसांनी फार मनाला लावून घेतलं. भांडायला आलेल्या त्या माणसांना मामांनी चहाच पाजला.

अपघाताची बातमी आली की मात्र हाच माणूस पार बदलायचा. माणूस जागीच गेला असला, तरी आमच्याकडं आधी त्याच्या नावापुढं 'गंभीर जखमी, उपचार सुरू आहेत' एवढंच जायचं. घरची माणसं दवाखान्यात पोचली, असा वार्ताहराचा फोन आला की मगच पुढचं. तोवर दुसऱ्या वाहिन्या मृत्यू, फोटो, सगळं दाखवून मोकळ्या! मालक कपाळावर हात मारून घ्यायचे, "आपल्या चॅनलवर माणूस मरायलासुद्धा उशीर करतोय की हो!" मामा म्हणायचे, "करू द्या की. गावाकडं कुणी गेलं तर आपण फोनवर काय सांगतो? जरा जास्त हाय, निघून या. न्हायतर माणसानं रस्ता कसा कापायचा?"

एके दिवशी दुपारच्या बातम्यांआधी करमाळ्याच्या वार्ताहराचा फोन मीच घेतला. मामांचा धाकटा भाऊ तिथं शाळेत शिक्षक होता. मामांनीच त्याला शिकवून मोठं केलं होतं. त्याच्या मोटारसायकलला ट्रकनं उडवलं होतं. सगळं संपलं होतं. मी काचेपलीकडं गेले आणि तोंडातून निघालं, "मामा, भाऊंना अपघात झालाय. गंभीर आहे. उपचार सुरू आहेत. तुम्ही निघा."

ते माझ्याकडं बघतच राहिले. "खरंच सुरू हायत? का मी बातमीत लावतो तसं?"

"देवाशप्पथ, मामा. खरंच."

आणि सबंध जिल्ह्याला फसवणाऱ्या त्या माणसानं माझ्यावर विश्वास ठेवला. चपला घालता घालता म्हणाले, "मग रक्त लागंल. ऑफिसातली दोघंतिघं घेतो बरोबर." त्या दोघातिघांना मी खुणेनं सांगितलं, वाटेत फोन त्यांच्या हाती देऊ नका. गाडी गेली आणि मी बातम्या वाचायला बसले. भावाचं नाव वाचलं, पुढं 'उपचार सुरू आहेत' म्हटलं. कसं म्हटलं, माझं मला माहीत.

तेरावा उरकून मामा कामावर आले. मी तोंड चुकवत होते, त्यांनीच गाठलं. "बाई, त्याच्या लहानपणीच्या गमती सांगत गेलो गं मी. सगळ्यांना हसवत गेलो. दवाखान्यात शिरलो तवाबी हसतच होतो."

आता हा माणूस मला दोन शब्द सुनावणार, आणि सुनावावेतच, असं मला वाटलं. त्यांनी नुसता चष्मा काढून पुसला.

"तेवढा रस्ता तरी तो जिता होता बघ माझ्याजवळ."

त्यांचा हात धरून मी रडत राहिले.